एकट्याची गाडी, आडवाटेचे थांबे

स्वतःची गाडी घेऊन एकट्याने निघावे, घाईचा रस्ता सोडून वाटेतली नवलाची ठिकाणे पाहावीत आणि त्या त्या गावचे अन्न खावे, अशी इच्छा असलेल्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. एकसारखे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण त्यातली वाट राज्याच्या मधोमध जाते आणि तिच्यावरून जाणारे बहुतेक लोक डावीउजवीकडे न पाहता पुढे निघून जातात.

प्रश्न : मी पुण्यात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. मुलगी नागपूरला असते. आजवर रेल्वेने किंवा समृद्धी महामार्गाने गेले. या वेळी पाच-सहा दिवस हाताशी ठेवून एकटीने गाडी चालवत जायचे आहे. नेहमीच्या देवदर्शनापेक्षा वेगळे काही पाहायचे आहे. मी शाकाहारी आहे. मार्ग सुचवाल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्याकडे वेळ आहे, ही या बेतातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. समृद्धी महामार्ग मुंबई ते नागपूर हे ७०१ किलोमीटरचे अंतर एका दिवसात कापता यावे म्हणून बांधला आहे आणि ते काम तो चोख करतो. पण आपल्याला जे पाहायचे आहे ते सगळे त्याच्या कुंपणापलीकडे आहे. म्हणून जुन्या रस्त्यांनी जावे, दिवसाला दीडशे ते दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त गाडी चालवू नये आणि दुपारचे जेवण व मुक्काम यांच्यामध्ये किमान दोन तास मोकळे ठेवावेत. थकवा आला किंवा घरून अचानक बोलावणे आले, तर जालना, सिंदखेडराजा आणि मेहकर या तिन्ही गावांच्या जवळून समृद्धीवर जाता येते, त्यामुळे आपण कुठे अडकून पडाल अशी भीती नाही.

पहिला थांबा निघोजचा घ्यावा. शिरूरला नगर रस्ता सोडून डावीकडे वळावे आणि टाकळी हाजीमार्गे कुकडी नदीवर यावे. नदीच्या एका काठाला पुणे जिल्हा, दुसऱ्या काठाला अहिल्यानगर जिल्हा आणि मधल्या काळ्या कातळात पाण्याने कोरलेले रांजणखळगे, असे ते दृश्य आहे. पुराच्या वेळी भोवऱ्यात सापडलेले दगड एकाच जागी गरगर फिरत राहतात आणि कातळ खरवडत खाली खाली उतरतात; हे काम असंख्य पावसाळे चालू राहिले आणि आज तिथे माणूस सहज मावेल एवढे खोल खळगे झाले आहेत. एखाद्या खळग्यात नीट डोकावून पाहिले तर आतली भिंत घोटून काढल्यासारखी गुळगुळीत दिसते, तिच्यावर आडव्या वळ्या उमटलेल्या असतात आणि पाणी आटलेले असेल तर तळाशी ज्याने हे कोरीव काम केले तो वाटोळा झालेला गोटाही पडलेला दिसतो. पावसाळ्यात आणि धरणातून पाणी सोडलेले असताना यातले फारसे काही दिसत नाही, म्हणून हिवाळा सरता सरता किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला जावे. कडा निसरड्या असतात. एकट्याने जाणाऱ्याने खळग्यांच्या तोंडाशी उतरण्याचा मोह टाळावा आणि पुलावरून व कोरड्या सपाट कातळावरूनच पाहावे.

याच पट्ट्यात, म्हणजे जुन्नर, शिरूर, पारनेर या भागात, आपल्यासाठी मासवडी आहे. नाव ऐकून शाकाहारी लोक ती सोडून देतात, पण तिच्यात मासा नसतो. बेसनाचे घट्ट पिठले ओल्या फडक्यावर थापायचे, त्यावर तीळ, सुके खोबरे, लसूण आणि परतलेला कांदा यांचे सारण पसरायचे, फडक्याच्याच आधाराने त्याची लांबट गुंडाळी करायची आणि मग तिरक्या वड्या कापायच्या, अशी ती होते. वडीचा आकार माशाच्या तुकडीसारखा दिसतो, एवढेच. सोबत काळ्या मसाल्याचा पातळ रस्सा आणि बाजरीची भाकरी असते. हे खटपटीचे काम असल्याने लहान खानावळीत ती तयार असेलच असे नाही. सकाळी निघोजला जाताना सांगून ठेवावे आणि परतताना जेवावे. हिवाळा असेल तर हुलग्याच्या शेंगोळ्यांचीही चौकशी करावी.

अहिल्यानगरमध्ये सैन्याच्या चिलखती दलाचे रणगाडा संग्रहालय आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनची वाहने उघड्या बागेत मांडलेली आहेत आणि यंत्रांची फारशी आवड नसलेला माणूसही तिथे तासभर रमतो. पुढे छत्रपती संभाजीनगरला पाणचक्की पाहावी. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून शहरापर्यंत आणून, उंचावरून सोडून, त्या जोरावर जाते फिरवण्याची ही व्यवस्था अजून समजून घेता येईल अशा स्थितीत उभी आहे.

या प्रवासाचे खरे मध्यस्थान बुलढाणा जिल्हा आहे आणि तिथे मी आपल्याला सर्वांत जास्त वेळ द्यायला सांगेन. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून सर्वांना ठाऊक आहे, पण राजवाडा पाहून लोक परत फिरतात आणि पुतळा बारव पाहायची राहून जाते. ही पायऱ्यांची विहीर आहे आणि तिच्या भिंतींवर दगडात कोरलेले पुतळे आहेत. पाणी भरायला येणाऱ्यांच्या रोजच्या वाटेवर कुणीतरी एवढे कोरीव काम करून ठेवावे, ही गोष्ट मला कोणत्याही महालापेक्षा जास्त विचार करायला लावते.

तिथून लोणार जवळ आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये तयार झाले आणि त्यातले पाणी खारट व अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले होते, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. बहुतेक पर्यटक काठावरून छायाचित्र काढून निघून जातात. आपण मात्र तिथे मुक्काम करावा, पहाटे विवराच्या कडेने चालावे आणि खाली कमळजा देवीच्या मंदिराकडे जाणारी वाट खुली आहे का, हे वनविभागाच्या कर्मचाऱ्यांना विचारून मगच उतरावे, कारण हा भाग अभयारण्यात येतो आणि पाण्याची पातळी वर-खाली होत असते. काठावरची गोमुखाची धार आणि तिच्या अगदी जवळच खाली पसरलेले खारे पाणी, हा विरोध प्रत्यक्ष पाहण्यासारखा आहे. गावातल्या दैत्यसूदन मंदिरात, लवणासुराला विष्णूने मारले ही विवराच्या जन्माची कथा शिल्पांतून दिसते. अंबर तळ्याजवळ आडव्या पडलेल्या मारुतीची मोठी मूर्ती आहे, तीही चुकवू नये. एकाच गावात भूशास्त्र, पुराण आणि लोकांची रोजची भक्ती असे हातात हात घालून राहतात आणि ते सगळे पायी फिरण्याच्या अंतरात आहे.

लोणारहून मेहकर, खामगाव करत शेगावला यावे. शेगावची कचोरी रेल्वे स्थानकामुळे प्रसिद्ध झाली आणि आजही ती तिथेच, गरम आणि हातात कागद धरून खावी असे माझे स्पष्ट मत आहे. आत मूगडाळीचे तिखट सारण असते, आवरण खुसखुशीत असते आणि सोबत तळून मीठ लावलेली हिरवी मिरची देतात. चटणीची गरज पडत नाही. पुढे बाळापूरला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमाजवळ मिर्झाराजे जयसिंहांनी बांधवलेली काळ्या दगडाची छत्री आहे. राजस्थानी घडणीची ही छत्री वऱ्हाडातल्या नदीकाठी अचानक समोर येते तेव्हा क्षणभर आपण कुठे आहोत हे कळत नाही.

मूर्तिजापूरला गाडी थोडा वेळ थांबवावी. इथून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारा शकुंतला रेल्वेचा अरुंद रूळमार्ग निघतो. वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी तो टाकला गेला आणि स्वातंत्र्यानंतरही तो खासगी कंपनीच्या मालकीचा राहिला. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेल्या वाफेच्या इंजिनाने १९९४ पर्यंत ही गाडी ओढली. आता गाडी बंद आहे, रुळांवर गवत वाढले आहे आणि गाडी पुन्हा सुरू व्हावी म्हणून परिसरातले लोक अजूनही मागणी करत असतात. स्थानकाबाहेर चहा घेताना कुणा वडीलधाऱ्याला या गाडीविषयी विचारावे. मग आपल्याला फक्त ऐकायचे काम उरते.

अमरावतीला गिला वडा खावा, म्हणजे उडदाचा वडा दह्यात भिजवून चटण्यांसह देतात तो. वऱ्हाडातले रोडगे मात्र हॉटेलात सहसा मिळत नाहीत. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे हे गोळे वांग्याच्या भाजीबरोबर आणि वरणाबरोबर शेतातल्या किंवा देवळातल्या पंगतीत वाढतात. वाटेत कुणी पंगतीला बसायचा आग्रह केला तर वेळापत्रक बाजूला ठेवून बसावे.

वर्ध्याला शेवटचा मुक्काम करावा. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांच्या आश्रमात शेत खणताना मिळालेल्या मूर्ती मांडून ठेवल्या आहेत, त्यांत भरत आणि राम यांच्या भेटीचे शिल्प आहे. सेवाग्रामला बापूकुटी सगळे पाहतात; आपण तिथला दूरध्वनीही पाहावा, जो व्हाइसरॉयला गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून बसवला होता, आणि साप न मारता धरून दूर नेऊन सोडण्यासाठी वापरला जाणारा लाकडी चिमटा व पिंजराही पाहावा. अहिंसा रोजच्या कामात उतरवायची तर तिला अवजारे लागतात, हे त्या चिमट्याकडे पाहून जितके समजते तितके भाषणांतून समजत नाही. शहरात गोरसपाक मिळतो, गाईच्या तुपातला जाड, खुसखुशीत बिस्किटासारखा पदार्थ. लेकीसाठी तो न्यावा. नागपुरात शिरल्यावर झीरो माइलचा वालुकाश्माचा खांब आणि त्याच्या शेजारचे चार घोडे पाहून मगच घरी जावे.

प्रश्न : मी सुट्टीत एकटाच गाडी घेऊन निघतो. फोनवर तारांकन पाहून हॉटेल निवडतो, पण सगळीकडे तेच पनीर आणि तीच तंदुरी रोटी मिळते. खरे स्थानिक जेवण कसे ओळखावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : फोनवरचे तारांकन बहुतेक वेळा आपल्यासारख्याच वाटसरूंनी दिलेले असते आणि वाटसरूला ओळखीची चव हवी असते, म्हणून ते आपल्याला पुन्हा पुन्हा त्याच पनीरपाशी नेते. त्यापेक्षा प्रश्न बदलून पाहावा. "इथे चांगले हॉटेल कुठे आहे?" असे विचारले की लोक मोठ्या पाटीचे हॉटेल दाखवतात; "तुम्ही बाजाराच्या दिवशी कुठे जेवता?" असे विचारले की बोळातली खानावळ सांगतात. पेट्रोल पंपावर काम करणारी मुले, बाजार समितीतले हमाल आणि तालुक्याच्या कचेरीबाहेर बसणारे अर्ज लिहून देणारे लोक यांना हे नेमके ठाऊक असते, कारण ते रोज तिथे स्वतःच्या पैशाने जेवतात.

खानावळीत शिरल्यावर भाकरी थापल्याचा आवाज येतो का ते ऐकावे. मऊ भाकरी आधी करून रचून ठेवता येत नाही. मागणी आली की थापावी लागते आणि त्यासाठी एक माणूस चुलीपाशी अडकून राहतो. तेवढा माणूस जी खानावळ राखते ती भाजीतही सहसा घाई करत नाही. पदार्थांची यादी जितकी छोटी तितके बरे, आणि यादी न मागता "आज काय केले आहे?" असे विचारणे सर्वांत चांगले. दुपारी साडेबारा ते दीडच्या दरम्यान पोहोचावे. अडीचनंतर उरलेले वाढले जाते आणि मग दोष त्यांचा नसतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या भागात आणि त्या ऋतूत काय पिकते, हे निघण्यापूर्वी माहीत करून घ्यावे. हिवाळ्यात जळगाव जिल्ह्यात गेलात तर भरिताशिवाय परत येऊ नये. तिथली भरिताची वांगी फिक्या हिरव्या रंगाची, मोठी आणि कमी बियांची असतात, त्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. आणि ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेले सरपण आणि त्याच हंगामातले वांगे, यांच्या भेटीतून तो धुराचा वास येतो. पुण्याच्या गॅसवर तो येणार नाही आणि मे महिन्यात जळगावातही तो तसा मिळणार नाही. सोलापूरकडे ज्वारीची कडक भाकरी आणि उखळात कुटलेली शेंगदाण्याची चटणी आहे, मंगळवेढ्याची ज्वारी तर मानांकन मिळालेली आहे. उजनीच्या जलाशयामुळे पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणला गोड्या पाण्यातल्या माशांच्या खानावळी उभ्या राहिल्या. थंडीत सकाळी रोहित पक्षी पाहावेत आणि दुपारी तिथे जेवावे. आपण मांसाहार करत असाल तर छत्रपती संभाजीनगरचा नान-खलिया आणि कोल्हापूरचा तांबडा-पांढरा आहेच. कोल्हापुरात रात्री गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरही जावे. म्हशी तिथेच उभ्या असतात आणि समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. दूध न उकळलेले असते, तेव्हा पोटाला सोसत नसेल त्याने नुसते पाहावे.

प्रश्न : घरचे म्हणतात की बाईने एकटीने धाब्यावर जेवू नये आणि अनोळखी गावात मुक्काम करू नये. मला जायचे आहे. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण जावे. घरच्यांची काळजी खोटी नाही, पण तिचे उत्तर घरी बसून राहणे हे असू शकत नाही. रात्री गाडी न चालवणे हा एक नियम कसोशीने पाळला तर बाकीच्या बऱ्याच अडचणी मुळातच टळतात. सूर्यास्ताआधी तासभर मुक्कामी पोहोचावे. महामार्गावरचा धाबा संध्याकाळनंतर टाळावा, कारण तिथे त्या वेळी मद्यपान चालते. दुपारी मात्र तिथे जेवायला काहीच हरकत नाही. गावातल्या, बाई स्वतः चालवत असलेल्या खानावळी शोधाव्यात. त्या बस स्थानकाच्या आसपास हमखास असतात आणि एकटी आलेल्या बाईला तिथे शेजारी बसवून वाढले जाते.

मुक्काम दिवसाउजेडी फोन करून ठरवावा. काही भक्तनिवासांत आणि लॉजमध्ये एकट्या व्यक्तीला खोली देत नाहीत, मग ती बाई असो वा पुरुष, त्यामुळे "मी एकटी आहे" हे आधीच स्पष्ट सांगावे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने या बाबतीत सोयीची पडतात. आपत्कालीन मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडल्यास १०३३ हे क्रमांक फोनमध्ये तर असावेतच, पण कागदावर लिहून गाडीतही ठेवावेत. जागोजागी प्रत्यक्ष ठिकाणाचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकू नये, ते दुसऱ्या गावी पोहोचल्यावर टाकावे. आणि एखाद्या जागी मन बिचकले, तर कारण शोधत न बसता गाडी सुरू करून निघावे. त्यासाठी कुणाला खुलासा देण्याची गरज नसते.

प्रश्न : शनिशिंगणापूरला घरांना दारे नसतात, हे खरे का? पाहायला जावे का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : परंपरेने तिथल्या घरांना चौकटी असतात, पण कडीकुलपाची दारे नसतात, कारण गावाचे रक्षण शनिदेव करतात अशी श्रद्धा आहे, २०११ मध्ये तिथे एका राष्ट्रीयीकृत बँकेने बिनकुलपाची शाखाही उघडली. अवश्य जावे. मात्र दार नाही म्हणून घर कुणालाही आत डोकावण्यासाठी मोकळे आहे, असा अर्थ होत नाही. दार नसलेल्या घरातही स्वयंपाक, आजारपण, भांडण हे सगळे चालू असते. रस्त्यावरून पाहावे, छायाचित्रासाठी विचारावे आणि नकार मिळाला तर तो मान्य करावा.

प्रश्न : कोकणातली कातळशिल्पे एकट्याने गाडीने जाऊन पाहता येतील का? ती नेमकी कुठे आहेत? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : येतील, पण घाईने येणार नाहीत. रत्नागिरी आणि राजापूर परिसरातल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, ही शिल्पे कोरलेली आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवीहसोळ, रुंढेतळी, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसामळ ही नऊ ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. उक्षीपासून सुरुवात करणे बरे, कारण तिथला हत्ती सहज ओळखू येतो आणि गावकऱ्यांनी त्याभोवती संरक्षण केलेले आहे. कशेळीचा हत्ती प्रचंड आहे, सुमारे १८ मीटर लांबीचा. जमिनीवर उभे राहून तो एका नजरेत मावतच नाही, त्याच्या कडेने चालत जावे लागते आणि मग हळूहळू पाय, सोंड, पोट असे जुळत जाते. पोटातही लहान लहान प्राणी कोरलेले आहेत. आज कोकणात न आढळणारा गेंडाही काही कातळांवर आहे, आणि त्यावरूनच या रेषांच्या जुनेपणाची कल्पना येते. देवाचे गोठणे येथे खडकाच्या चुंबकत्वामुळे होकायंत्राची सुई भलतीकडे वळते. साधे होकायंत्र सोबत न्यावे.

सूर्य डोक्यावर असताना कोरलेल्या रेषा पुसट होतात आणि काहीच दिसत नाही अशी तक्रार लोक करतात. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जावे, तेव्हा रेषांत सावली भरते आणि आकृत्या उठून दिसतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच सड्यावर गवत व शेवाळ असते, म्हणून डिसेंबरनंतरचा काळ चांगला. बरेच सडे खासगी मालकीचे आहेत आणि शेवटचा टप्पा पायीच जावा लागतो. वाडीत विचारावे, एखाद्या जाणत्याला सोबत घ्यावे आणि त्याच्या वेळेचा मोबदला न मागता द्यावा. शिल्पावर पाय देऊ नये, रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा पाणी भरू नये. गाडी सड्यावर चढवणे हा तर मी गुन्हाच मानते, कारण जांभा ठिसूळ असतो आणि एका चाकाने झालेले नुकसान भरून निघत नाही.

जेवणाचे म्हणाल तर घरगुती खानावळीत सकाळी फोन करून सांगावे. ऐनवेळी गेलात तर तांदूळ शिजेपर्यंत थांबावे लागते. कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि उन्हाळ्यात फणसाची भाजी मागावी. १ जून ते ३१ जुलै या काळात समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत खाडीतले आणि नदीतले काय मिळाले, ते विचारावे.

प्रश्न : विजेवर चालणारी छोटी गाडी आहे. अशा आडवाटांवर नेऊ का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मोठ्या शहरांच्या दरम्यान अडचण नाही. आडवाटेवर मात्र गाडीच्या सांगितलेल्या पल्ल्याचा निम्मा भागच हिशेबात धरावा, घाट असेल तर त्याहून कमी, आणि मुक्कामाच्या ठिकाणी रात्रभर घरातल्या साध्या प्लगवरून चार्जिंग करू देतील का, हे खोली ठरवतानाच विचारावे. त्या विजेचे पैसे वेगळे द्यावेत.

प्रश्न : मला एकच दिवस मिळतो. साताऱ्यातून सकाळी निघून रात्री घरी परत यायचे आहे. लांब न जाता असे काही पाहता येईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या दारातच राज्यातल्या सर्वांत सुंदर विहिरींपैकी एक आहे. लिंब येथील बारा मोटांची विहीर १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधवली. तिच्या पोटात चक्क एक लहानसा महाल आहे. पायऱ्या उतरून दाराखालून आत गेले की वर मोटा ओढण्याच्या जागा आणि खाली हिरवे पाणी दिसते. जवळच्या आमराईला पाणी देण्यासाठी ती बांधली, असे सांगतात. एकाच वेळी बारा मोटा चालत असताना बैल, नाडे आणि पाण्याचा आवाज यांची कल्पना करत तिथे थोडे बसावे. तिथून वाईला जावे आणि ढोल्या गणपतीपाशी न रेंगाळता तीन किलोमीटरवरचे मेणवली गाठावे. नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एका छोट्या मंडपात मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधल्या ज्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. घंटेजवळ जाऊन मेरीची आकृती बोटाने दाखवता येईल इतक्या अंतरावरून पाहावी, लांबून ती लक्षात येत नाही.

दुपारनंतर वेळ उरला तर पाचगणीजवळच्या भिलारला जावे. २०१७ पासून तिथे गावातल्या घरांत मराठी पुस्तके मांडलेली आहेत आणि कुणाच्याही ओसरीवर बसून ती वाचता येतात. हिवाळ्यात त्याच घरांमागच्या वावरांत स्ट्रॉबेरी असते. ओसरीवर वाचत बसल्यावर त्या घरी जेवणाची सोय होईल का असे विचारावे, बऱ्याच ठिकाणी होते. घंटांचा हा धागा आपल्याला आवडला, तर नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या मंदिरात अशीच एक पोर्तुगीज घंटा आहे आणि भीमाशंकरलाही एक आहे; त्यासाठी मात्र एका दिवसाऐवजी तीन दिवसांची रजा काढावी लागेल.